परगावच्या सभासदाचं मत

ती घटना आठवली की आजही जीव हळहळतो. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या वाढल्या, घरबांधणी सोसायट्या उभ्या राहिल्या; पाणी मात्र टँकरचं. मी तिथे फौजदार होतो. अशाच एका सोसायटीचे सचिव तक्रारी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात आले. माणूस भला, पण नियमाचा किडा. वर्षानुवर्षं न फिरकलेल्या सभासदांची नावं कमी करायचा ठराव सभेत एका मताच्या फरकाने फेटाळला गेला होता. ते मत अशाच एका सभासदाच्या बायकोने त्याच्या वतीने, अधिकारपत्र दाखवून दिलं होतं.

"नवराच गायब हाय, साहेब. पत्र बोगस हाय," सचिव म्हणाले.

ठाणे अंमलदाराने डायरीला नोंद घेतली. मी पत्र पाहिलं. मजकूर बारीक, वळणदार. खालचं नाव दुसऱ्याच हाताचं, जाड. मजकूर बायकोचा, सही नवऱ्याची, असं समजून मी अर्ज निकालीच काढणार होतो. तरी हस्ताक्षराचा नमुना घ्यावा म्हणून बाईंना शेजारच्या मावशींसह बोलावलं.

नवरा दुष्काळात बोअरच्या गाडीवर कामाला लागून कर्नाटकात गेलेला, तो परतलाच नव्हता. मी तोच मजकूर सांगितला. बाईंनी तो भराभर लिहिला आणि नावापाशी थांबल्या.

"लिहा."

"न्हाई साहेब. मालकाचं नाव कसं लिवू?"

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "नाव म्या लिवलं, साहेब. तिचा हात धजंना."

खोटं पत्र करायला न भ्यालेली बाई नवऱ्याचं नाव लिहायला भीत होती! मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"हरवल्याची खबर का नाही दिली?"

"खबर दिली म्हंजे ते हरवलेच की. सोसायटीत नाव हाय तवर त्यांचं घर हाय. उद्या आले तर कुणाच्या दारात उभं ऱ्हातील?"

जबाब वाचून सचिवांनी अर्ज मागे घेतला. ते मत बाद झालं. फेरसभेत ठराव मंजूर झाला, पण सचिवांनीच उभं राहून कमी करायच्या नावांच्या यादीतून ते एक नाव वगळायला लावलं.

नाव टिकल्याचं कळल्यावर बाई मावशींसह खबर द्यायला आल्या. त्या दिवशी मी बेपत्ता माणसांचं रजिस्टर उघडलं. उंची, वर्ण, कपडे बाईंनी सांगितले. नावाचा रकाना आला. मावशी बोलणार, तोच बाईंनी त्यांना हाताने अडवलं आणि खाली बघत स्वतः नाव घेतलं. पुन्हा घेतलं. मग घेतच राहिल्या. आम्ही कोणी त्यांना थांबवलं नाही.

तो माणूस सापडला नाही. माणसाचं नाव ते ऐकायला माणूस आहे तोवर घ्यावं, हे त्या दिवशी कळलं. वळलं मात्र नाही. बायकोला मी जन्मभर 'अगं' म्हणूनच हाक मारली. ती गेल्यावर आता घरात तिचं नाव मोठ्याने घेतो. ओ द्यायला कोणी नसतं.