स्टेशनावर भरलेली ओटी

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथीनंतर वही हातात घेतली ती आत्ताच, तेव्हा माफ करावे.

चिखलीत खोली घेताना धाकट्या बहिणीकडून पन्नास हजार घेतले होते. रबराचे पार्ट साफ करायच्या कामातून थोडे थोडे फेडले. शेवटचे पाच हजार ती घेईना. "राहू दे गं ताई, पोरीला ड्रेस घे." तिचा नवरा चाकणला कंपनीत साहेब आहे, तिला पाच हजारांचे काही नाही. म्हणूनच मला ते ठेवायचे नव्हते.

मागच्या महिन्यात गावाकडे लग्न होते. परत निघताना तिने गाडी जुन्या स्टेशनाकडे वळवली. छोटी रेल्वे बंद झाली आणि मोठी लाइन दुसरीकडून गेली, तेव्हापासून तिथे कोणी थांबत नाही. रूळ उपटून नेलेत, तिकिटाच्या खोलीत कडबा भरलाय. फलाटाच्या फरश्या तेवढ्या जागेवर आहेत.

ती फोटो काढत सुटली. "ताई, काय मजेचे दिवस होते ना?"

"तुझे होते," माझ्या तोंडून गेले.

ती पास काढून तालुक्याच्या शाळेला जायची, पायात बूट असायचे. मी डब्याच्या खिडक्यांखाली पेरू विकायची. मैत्रिणी सोबत असल्या की ती दुसरीकडे बघायची. अजूनही ती आली की मी आधी तिच्या पायातले बघते.

"अजून मनात धरून बसलीस होय? लहान होते गं मी."

"मी कुठे मोठी होते?"

मी पिशवी उघडली.

"चल, बस. ओटी भरते."

"इथं? स्टेशनात?"

"मग कुठं? घर तर विकलं. आई नाही, मोठीनेच भरायची."

ती फरशीवर बसली आणि तिने ओढणी पसरली. मी कुंकू लावले. खण, नारळ घातला. तांदळाच्या ओंजळीत नोटांची घडी होती, तीही घातली. तिच्या हाताला कागद लागला.

"ताई, हे काढ."

"ओटीतलं काढतात का?"

"लई पक्की आहेस तू," ती म्हणाली आणि ओढणीला गाठ मारली.

पन्नास हजार पुरते फिटले.