तपासणी होईपर्यंत

माझा आवाज मोठा आणि डोकं तापट. या दोन गुणांवरच मला स्काऊट मास्तर केलं असावं. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मंठ्याच्या हायस्कुलात मी नवा होतो, आणि नव्या सुनेच्या अंगावर पडतात तशी शाळेतली सगळी नकोशी कामं माझ्या अंगावर पडत. हेडमास्तरांनी मला दहा दिवसांच्या ट्रेनिंगला धाडलं. तिथून मी खाकी हाफपँट, एक शिट्टी आणि दिसेल त्या दोरीला गाठ मारायची खोड घेऊन परत आलो.

पण पुढे मन लागलं. बत्तीस पोरं, आठ-आठांच्या चार टोळ्या, प्रत्येक टोळीला एक म्होरक्या. म्होरक्यासाठी माझे दोनच नियम होते. त्याने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, आणि चूक कोणाचीही असो, बोलणी खायला त्याने आधी पुढे यायचं. पोरांच्या गळी हे उतरवायला मला वर्ष लागलं. चार म्होरक्यांत एक पोरगा मला फार आवडायचा. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची, घर बौद्धवाड्यात. अंगाने काटकुळा, पण एकदा काम सांगितलं की त्याच्याकडे पुन्हा बघावं लागत नसे. बाकीची पोरं जात-पात घरी ठेवून त्याचं ऐकत. माझ्या शिट्टीपेक्षा त्याच्या नुसत्या 'चला रे'ला जास्त किंमत होती.

त्या हिवाळ्यात आम्ही गावाबाहेरच्या एका वस्तीवर सात दिवसांचं शिबिर घेतलं. विहिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरूम टाकायचा, आणि सांडपाण्यासाठी घरापुढे शोषखड्डे खोदायचे. सुरुवातीला वस्तीतल्या बाया लांबून हसायच्या. तिसऱ्या दिवशी त्याच बाया पोरांना गूळ-शेंगदाणे द्यायला लागल्या. सातव्या दिवशी औरंगाबादहून साहेब तपासणीला येणार होते. सगळं बराबर दिसलं तर आमची पोरं मुंबईच्या मेळाव्याला जाणार होती. बत्तिसांतल्या एकानेही तोवर आगगाडी पाहिली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मेळाव्याइतकीच मला माझ्या नावाचीही पडली होती.

शिबिराचं फाटक आम्ही लाठ्या बांधून उभं केलं होतं. आदल्या संध्याकाळी पोरांना ओळीत उभं करून मी गरजलो, "उद्या तपासणी होईपर्यंत फाटकातून कोणीही आत येणार नाही. माझा बाप आला तरी सोडायचं नाही!"

पोरं हसली. मीही हसलो. फाटकाची ड्युटी मी त्या काटकुळ्या पोराला दिली.

माझे वडील तेव्हा हसनाबादला घरी अंथरुणावर होते. पाच-सहा महिने झाले होते. तीनदा मला बोलावणं आलं होतं, "जल्दी ये, काही खरं न्हाई." तिन्ही वेळा मी जीव मुठीत धरून पळालो, आणि तिन्ही वेळा बाबा भिंतीला टेकून चहा पीत बसलेले. तिसऱ्या वेळी तर मलाच म्हणाले, "शाळा सोडून कशाला आलास?"

सकाळी नऊच्या सुमाराला साहेबांची जीप आली. साहेब बारीक नजरेचे होते. त्यांनी भगुल्यात बोट फिरवून बघितलं, लाठ्यांच्या गाठी ओढून बघितल्या, एका पोराची नखं बघितली. मी त्यांच्या मागे वही धरून. शोषखड्ड्याची खोली मोजायला ते वाकले तेव्हा माझी नजर सहज फाटकाकडे गेली. फाटकापलीकडे लिंबाचं झाड होतं आणि पोरासमोर एक माणूस उभा होता. मळकं धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात कापडी पिशवी.

तो माझा धाकटा भाऊ होता. उभं राहताना तो एका पायावर भार देतो. दोनशे पावलांवरूनही मी त्याला ओळखलं असतं, आणि ओळखलंच. त्यानेही मला पाहिलं. मनात आलं, चौथं बोलावणं. मग आलं, हा या अवतारात साहेबांपुढे येईल. हे दोन्ही विचार मला आले. त्यांचा क्रम आता आठवत नाही आणि त्याने फरकही पडत नाही. मी टोपी सारखी केली आणि साहेबांकडे तोंड फिरवलं.

थोड्या वेळाने परत पाहिलं तर भाऊ लिंबाखाली उकिडवा बसला होता. दहाची जालन्याची एसटी भोंगा वाजवत रस्त्याने गेली. साहेबांनी मग पोरांकडून प्रथमोपचार करून घेतले, एका पोराच्या धडधाकट पायाला लाकडाच्या पट्ट्या बांधायला लावल्या, चहा घेतला, पुन्हा चहा घेतला. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर, शिस्त असावी तर अशी." जीप धुरळ्यात दिसेनाशी झाल्यावर मी फाटकाकडे चालत गेलो. पळत नाही, चालत.

भाऊ उठला. म्हणाला, "दादा, बाबा तुझं नाव घेऊन राह्यले. काल दुपारीच निघाल्तो. रात जालन्याच्या स्टँडवर काढली."

साडेबाराची एसटी मिळाली. जालन्याला बदलली, फाट्यावर उतरलो, मग पायी. वाटेत भाऊ पुढच्या बाकावर बसला. मी खिडकीतून कापसाची रानं बघत होतो आणि पट्ट्याचं बक्कल अंगठ्याने पुसत होतो. दिवे लागायच्या वेळी गल्लीत शिरलो तर ओट्यावर माणसं बसलेली होती. बाबा दुपार कलल्यावर गेले होते. शेजारच्या काकूने सांगितलं की चार वाजेपर्यंत ते दाराकडे बघत होते. दहाची गाडी धरली असती तर चारच्या आत मी उंबऱ्यात असतो. हा हिशेब मला कोणी करून दाखवला नाही, माझा मीच केला.

मी थोरला. अग्नी द्यायला सगळे माझ्यासाठीच थांबले होते. त्याच हाफपँटवर, गळ्यात स्काऊटचा स्कार्फ तसाच, मी बापाला अग्नी दिला. कोणी तरी म्हणालं, धोतर नेसव रे त्याला. तोवर झालं होतं. मला रडू आलं नाही. तिरडी उचलतानाही माझं लक्ष तिच्या गाठींकडेच होतं. घाईघाईने मारलेल्या होत्या आणि एक सुटायला आली होती. मी ती नीट केली. बघणाऱ्यांना वाटलं असेल, काय पण बापावर माया! माया वगैरे काही नव्हती त्या घडीला. काहीच नव्हतं. कुलूप लावलेल्या घरासारखा मी हिंडत होतो.

पुढचे दिवस तसेच गेले. माणसं यायची, बसायची, बिडी ओढायची, आणि फिरून फिरून एकच गोष्ट निघायची. भावानेच पहिल्या दिवशी सांगितली होती, "टाइमावर पोचलो असतो, पण गेटवर अडवलं. तपासणी चालू व्हती." ती गोष्ट घरोघर फिरली, पार मंठ्यापर्यंत पोचली. रोज थोडी वाढली. पोराने काठी उगारली, पोराने ढकललं, पोरगं म्हणालं बाप मेला तरी सोडणार न्हाई. कोणी विचारायचं, "कोणाचं पोरगं म्हणे?" मग कोणी तरी सांगायचं. त्यावर चुलते नुसतं "हं" म्हणायचे. त्या 'हं'मध्ये काय असायचं ते मला पक्कं कळत होतं. मी गप्प बसत होतो. दहाव्याला केस उतरवले, पिंडाला कावळा शिवला, आणि मी गप्पच होतो. शाळेत छप्पर उडेल एवढ्याने ओरडणारा माणूस, पण एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघत नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी तो पोरगा आला. मंठ्याहून एकटा, एसटी बदलत. अंगात स्काऊटचा युनिफॉर्म नव्हता. शाळेचाच सदरा होता, पण इस्त्री केलेला. ओट्यावर सात-आठ माणसं होती. त्याने मला कडक सॅल्यूट केला आणि पिशवीतून स्कार्फ काढला. धुतलेला, चौकोनी घडी घातलेला, वर म्होरक्याची पट्टी ठेवलेली.

"हेच का ते गेटवरचं?" चुलते म्हणाले.

"व्हय," पोरगा म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, मी त्यांला दुबारा इचारायला पाह्यजे व्हतं. चुकी माझी हाय. मी स्काऊट सोडून राह्यलो."

त्याने घडी माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला आणि ती घेतलीसुद्धा. हे मला आजही खरं वाटत नाही, पण घेतली. त्याचा चेहरा तसाच होता. पुढे यायचं, बोलणी खायची, मीच शिकवलं होतं. आणि मी घडी हातात धरून मांडी घालून बसलो होतो, डोक्याचा गोटा करून, सगळ्यांची कीव खात.

तेव्हा कुठे तोंड उघडलं. आवाज अगदी लहान निघाला.

"चुकी त्याची न्हाई. मी पाह्यलं व्हतं. हा धाकला लिंबाखाली हाय, मला दिसलं व्हतं. ओळखलं व्हतं. साहेब जाऊ दे म्हणून मी तोंड फिरवलं."

माय दारात उभी होती. भाऊ खाली अंगणात बैलाच्या पुढ्यात कडबा टाकत होता. त्याने हातातली पेंढी टाकली, दुसरी सोडली, आणि वर न बघताच म्हणाला,

"मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"तू टोपी नीट केली अन् तिकडं तोंड केलं. हे पोरगं तं बिचारं म्हणलं, निरोप द्या, मी पळत जातो आत. मीच न्हाई म्हणलो. म्हणलं दादानं पाह्यलंय, त्याला यायचं आसंल तं यील."

"मंग गेटवर अडवलं म्हणून का सांगत फिरला?"

आता त्याने वर बघितलं. "मंग काय सांगू? माझ्या दादानं पाठ फिरवली, आसं सांगू गावाला?"

बारा दिवस तो माझ्यासाठी खोटं बोलला होता, आणि त्याचं ओझं एका परक्या पोराच्या डोक्यावर होतं. पोरगा सगळं ऐकत ताठ उभा होता. त्यानेही ते सांगितलं नव्हतं. निरोप न्यायला मी तयार होतो, एवढं एक वाक्य तोही बोलू शकला असता. मी उठलो, घडी मोडली आणि स्कार्फ त्याच्या गळ्यात घातला. मग डावा हात पुढे केला. स्काऊट डाव्या हाताने हात मिळवतात. सुतकाच्या घरी हा डावा हात बघून चुलत्यांनी डोळे वटारले. पोराने हात मिळवला. त्याची बोटं गार होती.

"फाटकावर पुढच्या खेपेला मी उभा राहीन," मी म्हणालो.

"जी सर."

मायने आतून हाक मारली, "आरं, एवढ्या लांबून आलंय ते लेकरू. जेवू घाला की आधी." चुलते 'मी मागून जेवतो' म्हणत उठले आणि चप्पल घालून निघून गेले. मायने तिकडे पाहिलंही नाही. तिने पोराला भावाच्या शेजारी बसवलं, भाकरी वाढली, वर वरण ओतलं. पोरगं माझ्याकडे बघत थांबलं होतं. मी म्हणालो, तू जेव. म्होरक्या शेवटी जेवतो.

त्याचं झालं, भावाचं झालं, मग मी बसलो. पहिला घास घेतला आणि कळलं, मला भूक लागली आहे. बारा दिवसांत पहिल्यांदा. घास तोंडात तसाच राहिला आणि मला रडू फुटलं, पोरासमोर, भावासमोर, मोठ्याने. माझा मुळात आवाजच मोठा.

भावाने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, "दादा, घोट घे. ठसका लागंल."