दात कावून हालतोय

दसरा झाला की आमच्या दवाखान्यात दात काढणाऱ्यांची रीघ लागते. ऊसतोडीला निघायच्या आधी जो दात जरा म्हणून कुरकुर करतो तो उपटून टाकायचा, ही आमच्या भागाची रीतच पडली आहे. एकदा कारखान्यावर गेलं की होळीपर्यंत डॉक्टर कुठला, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नाही. खोट आहे ती आमच्या लोकांत, म्हणजे दातांच्या डॉक्टरांत. बाहेर गर्दी असते. बाई म्हणते काढा, हा पक्कड उचलतो. दोघं खूश. दात दुखतोय कशानं, हालतोय कशानं, हे विचारायला कुणाला सवड नसते. या एका गोष्टीवरून मी परळीतल्या निम्म्या डॉक्टरांशी भांडले आहे. आता काही जण मला बघून रस्ता बदलतात. बदलू देत.

ती अशाच एका गर्दीच्या सकाळी आली. सिरसाळ्याच्या पुढच्या एका वाडीची. वय पंचविशीच्या आत-बाहेर. संगं नवरा आणि सासू. खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिनं आ केला आणि खालच्या डाव्या दाढेवर बोट ठेवलं.

"ही हालतीया. काढून टाका म्याडम, दिवाळी झाली की गाडी लागनार हाय."

मी आरसा घातला. दाढ हालत होती खरी, पण तिला कीड नव्हती. हिरडीही चांगली होती. सून मिश्री लावते म्हणून सासूनं आल्या आल्या चुगली केली होती, पण मिश्रीचे डाग सोडले तर दात ठणठणीत. फक्त त्या दाढेच्या शेजारच्या दोन जागा रिकाम्या होत्या.

"हे दोन कधी काढले?"

"एक गेल्या साली, एक त्याच्या आदल्या साली. जायच्या टायमालाच. तेबी हालत हुते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हापासूनची. चांगले, न किडलेले दात, एकाच ओळीतले, दर दसऱ्याला एक सुटतो, आणि दोन शिकलेल्या माणसांनी ते काढून बाईला कापूस चावायला देऊन घरी पाठवलं. भिंत सरकली तर खुंटी ढिली होते. यांनी खुंट्या काढल्या आणि भिंतीकडं पाहिलंच नाही.

बघायला काय लागतं? एक बोट लागतं. मी तिच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि जबड्याच्या कडेकडेनं कानापर्यंत फिरवत नेलं. मग दुसऱ्या बाजूनं. उजवीकडं हाड जसं हवं तसं सरळ लागत होतं. डावीकडं ते गालाकडंही फुगलं होतं आणि जिभेकडंही. गळू असतं तर ते गरम लागलं असतं, हात लावताच ती ओरडली असती. ही गप्प बसून माझ्याकडं बघत होती. एका जागी हाड इतकं पातळ झालं होतं की अंगठ्यानं दाबलं तर आत जाऊन परत वर आलं. ओठाला पिनचं टोक टेकवलं, ते तिला कळत होतं. तोंडात जखम नव्हती, मानेत गाठी नव्हत्या. कॅन्सरची धास्ती त्यामुळं थोडी कमी झाली, पण निकाल बोटानं लागत नसतो.

गालावर काळा, भाजल्यासारखा चट्टा होता. मी विचारलं, हे काय.

"बिब्बा घातला मी," सासू म्हणाली. "सूज उतरावी म्हनून. तसं दुखत न्हाई तिचं काई."

दुखत न्हाई. हे दोन शब्द मी ज्या दिवशी दवाखाना उघडला त्या दिवसापासून ऐकत आले आहे. आमच्याकडं बाई आडवी पडल्याशिवाय ती आजारी ठरत नाही. आणि ही असली दुखणी तर नेमकी मुकी असतात. वर्षानुवर्षं ती आतून हाड पोखरतात, आणि बाई भाकरी थापते, धुणी धुते, मोळ्या उचलते. मग सगळे म्हणतात, दुखत असतं तर बोलली असती ना.

"पक्कड लावा अन् मोकळं करा म्याडम," नवरा अजिजीनं म्हणाला. मी पक्कड ट्रेमध्ये ठेवली आणि सांगितलं, दाढेला आज हात लावणार नाही. त्यांना वाटलं, बाईला येत नाही.

माझ्याकडच्या छोट्या एक्स-रेत काळा डाग दिसला, पण त्याला शेवटच सापडेना. म्हणून पूर्ण जबड्याच्या फोटोसाठी त्यांना अंबाजोगाईला धाडलं. जातील की नाही याची मला खात्री नव्हती. नवरा तिला दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवरून घेऊन गेला, हे त्याच्या नावावर मांडायला हवं. फोटो आणला तो मी खिडकीशी धरला. डाव्या बाजूला हाडाच्या जागी साबणाच्या फेसासारखे काळे बुडबुडे, एकाला एक चिकटलेले. मुळांची टोकं छाटल्यासारखी तुटलेली. आणि अगदी तळाशी, कधीच वर न आलेली अक्कलदाढ आडवी पडलेली. एक गोष्ट मात्र चांगली होती. जबड्याची खालची कड पातळ झाली होती, पण अखंड होती.

फोटोवरून अंदाज बांधता येतो. पाण्याची गाठही अशी दिसू शकते, आणि दात घडवणाऱ्या पेशी मागं राहून त्यांची गाठ वाढली तरी असंच दिसतं. दोन्हीचे इलाज वेगळे. आतला तुकडा काढून तपासल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तुकडा म्हटल्यावर सासू उठूनच उभी राहिली. गाठीला लोखंड लागलं की कॅन्सर पेटतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी सांगितलं, समजावलं, शेवटी चढ्या आवाजात बोलले. तिची सून तोवर खुर्चीत बसूनच होती. "घ्या तुकडा," ती म्हणाली, आणि सासू बाहेर जाऊन बसली.

दिवाळीच्या तोंडावर रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. दाताच्याच पेशींची गाठ होती. अंगभर पसरणारी नव्हे, पण बसल्या जागी हाड खात जाणारी. मी पहिलं वाक्य बोलले आणि नवऱ्यानं भिंतीवरच्या वैजनाथाच्या फोटोला हात जोडले. सासूनं पदरानं डोळे पुसले. दुसरं वाक्य ऐकायला कुणी जाग्यावर नव्हतं. तरी मी बोललेच. ही गाठ आपणहून थांबत नाही. आत्ता ऑपरेशन केलं तर खालची कड वाचते, जबडा जबडा राहतो. उशीर केला तर अर्धा जबडा काढावा लागतो. मोठ्या दवाखान्यात बोलून मी दिवाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख घेतली. सरकारी योजनेत सगळं बसत होतं.

आणि मग टोळीचा मुकादम आला. पांढरे कपडे, मागं नवरा. ती दाराजवळच्या बाकावर बसली.

"रिपोर्ट चांगला आलाय म्हनत्यात," मुकादम म्हणाला. "मग हिला कावून अडवून ठेवलंय?"

"कॅन्सर नाही, एवढंच चांगलं आहे. हाड खाऊन चाललंय."

"दुखतंय का तिला?"

"नाही."

"मग झालं की. कोयता म्हंजी जोडी. ही न्हाई आली तर ह्या एकट्याला नेऊन मी काय करू? आल्यावर करा की आपरेशन. तुमी कुटं पळून चालल्या का?"

मी विचारलं, "तुमच्या बैलाच्या जबड्याला अशी गाठ आली असती तर गाडीला जुंपला असता का?"

"बैलाला कशाला जुंपीन? डाक्टर घरी आनला असता."

असं तो म्हणाला. अगदी सरळ. टोमणा त्याला लागलाच नाही. विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं. त्या माणसाचा मला आला नाही इतका राग मला त्या सरळपणाचा आला, आणि अजून येतो.

"बोल की बे, तोंड शिवलं का?" तो नवऱ्याला म्हणाला. "जाऊन येतो म्याडम," नवरा मला एवढंच बोलला.

मी बाकाकडं वळले. "तुझं काय म्हणणं आहे? जबडा तुझा आहे."

"मी मागं राहिले तर ह्यांना बी कुनी घेनार न्हाई," ती म्हणाली. "होळीला येते म्याडम."

काय करणार होते मी? दोरीनं बांधून ठेवायची? मऊ खा, त्या बाजूनं ऊस चावू नको, जबड्याला मार लागू देऊ नको, असं सांगितलं. फडात कोयता चालवायला आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायला निघालेल्या बाईला मी हे सांगत होते. तिनं शहाण्या पोरीसारखी मान हलवली.

होळीच्या आधीच आली. ट्रक भरताना मोळी घसरली आणि उसाचं बुडखं गालाला घासून गेलं. नुसतं घासलं, असं ती कागदावर लिहून सांगत होती, कारण तोंड उघडत नव्हतं. त्या घासण्यानं कड मोडली होती. पुढचं मला बघावं लागलं नाही, मोठ्या दवाखान्यात झालं. डाव्या बाजूचा जबडा कानाखालपर्यंत काढला आणि त्या जागी धातूची पट्टी बसवली. काढलेलं हाड तपासलं, त्याचाही रिपोर्ट तोच आला. कॅन्सर नाही. मुकादम ते ऐकून म्हणाला म्हणे, बघा, मी सांगत नव्हतो का.

यंदा दसऱ्यानंतर गर्दी सुरू झाली तेव्हा ती परत दारात दिसली. गाल आत गेलेला, पदर त्यावर ओढलेला. नवऱ्यानं यंदा भावाबरोबर जोडी लावली होती. तिच्या हाताला धरून तिची सहा-सात वर्षांची पोर होती. तिनं पोरीला उचलून खुर्चीत बसवलं.

"हिचा दात हालतोय," ती म्हणाली. शब्द बोबडे येत होते, मी वाकून ऐकले. "काढू नका. आदी बगा, कावून हालतोय."

पुढचा खालचा दात. दुधाचा. मी हसून सांगितलं, "अगं, या वयात पडायचाच तो. काही नाही झालेलं तिला."

ती हसली नाही आणि जागची हाललीही नाही. "मलाबी काई झालं न्हवतं. फोटो काढा."

बाहेर माणसं खोळंबली होती. मी फोटो काढला. खिडकीशी धरून तिला दाखवलं, हा वरचा दुधाचा, आणि हा त्याच्याखाली नवा, वर यायला निघालेला. हा खालून ढकलतोय म्हणून तो हालतोय. बाजूचं हाड बघ, भरलेलं आहे, कुठं काळं नाही. तिनं फोटो स्वतःच्या हातात घेतला आणि खिडकीशी बराच वेळ उभी राहिली.

मग तो मला परत दिला, पोरीजवळ आली, तिच्या हनुवटीखाली बोट घातलं, आणि जबड्याच्या कडेकडेनं कानापर्यंत फिरवत नेलं. मग दुसऱ्या बाजूनं.