झोपेच्या गोळ्या सुटल्यानंतरचा जून

भूकंपात माझं माहेर गेलं. औशाच्या पुढचं खेडं, दगडमातीचं घर. आई त्याखाली सापडली. लातुरात आमच्या घराला नुसती चीर पडली, तरी महिनाभर आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपत होतो. म्हणजे बाकीचे झोपायचे. मी जमिनीचा कानोसा घेत पडून राहायची. शेवटी डॉक्टरांनी आठ दिवसांपुरत्या गोळ्या लिहून दिल्या. त्या मी नऊ वर्षं घेतल्या.

कोणाला व्यसन वाटावं असं त्यात काही नव्हतं. वास नाही, आरडाओरडा नाही. एकीच्या दोन झाल्या, मग दुपारचीही एक लागायला लागली. दूध उतू जाऊन पातेलं करपायचं आणि शेजारी उभी असून मला कळायचं नाही. एकदा न्हाणीत पडले, कपाळाला टाके पडले. नवऱ्याची नोकरी नांदेडला होती, तो मला तिथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. ते म्हणाले, एकदम सोडायच्या नाहीत, जिवावर बेतेल. मग त्यांच्या देखरेखीखाली थोड्या थोड्या कमी करत वर्ष गेलं. फेब्रुवारीत शेवटचा तुकडाही सुटला.

आणि जून आला.

तोवर आमच्या गल्लीत घराघरावर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. बाहेरगावच्या मुली शिकायला यायच्या, मी त्यांच्यासाठी मेस चालवायची. त्या सकाळी स्वयंपाकाची बाई आलीच नाही. मुदखेडहून आलेले एका मुलीचे आईवडील ट्रंक घेऊन दारात उभे. "ताई, लेक कधी घर सोडून राहिली न्हाई, तुम्हीच बघा," असं तिची आई परत परत सांगत होती. फोन वाजत होता. कणीक मळायची राहिली होती, गॅस संपत आला होता. तेवढ्यात गल्लीतून वाळूचा ट्रक गेला आणि मांडणीवरची भांडी थरथरली.

ट्रक आहे हे मला कळत होतं, पण माझ्या अंगाला कळत नव्हतं. श्वास वरच्या वर राहिला. मी चपला घातल्या आणि सरळ मेडिकलवर गेले.

मी तोंड उघडायच्या आधीच दुकानदारानं खणातून पाकीट काढून समोर ठेवलं. "लई दिवसांनी आलात," म्हणाला. चिठ्ठी मागायची त्याची सवय केव्हाच मोडली होती. पाकीट मुठीत धरून मी घरी आले.

सासूबाई मागच्या दारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे मूठ उघडली. का उघडली, ते मला आजही सांगता येत नाही. गुपचूप गिळली असती तर कोणी विचारलं नसतं.

"घेतलीस?"

"न्हाई."

"मग बस हितं."

"कशी बसू, आत्या? चाळीस पोरी जेवायच्या हायत. बाई न्हाई, कणीक न्हाई, दारात माणसं..."

"समदं नको सांगू. आत्ता, ह्या घडीला काय करायचंय तेवढं सांग."

मी रडायला लागले. त्यांनी पाकीट कनवटीला लावलं आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलं. "हे निवड. म्या त्या माणसांना पाणी देते. आज खिचडी अन् ताक."

"पोरी काय म्हणतील?"

"म्हनू दे की."

मी निवडायला लागले. खड्याबरोबर चार दाणेही बाहेर पडायचे. अर्धं सूप झालं तेव्हा श्वास खाली उतरला. सासूबाई परत येऊन शेजारी बसल्या.

"पत्र्याखाली हुतो तवा पहिली गोळी म्याच दिली तुला," त्या म्हणाल्या. "तुझी माय गेलती, तुझा डोळा मिटंना. म्हनलं, झोपली की बरं वाटंल. नंतर समदं दिसत हुतं, पर बोलले न्हाई."

"मला वाटायचं, तुम्हाला ठाऊकच न्हाई."

"घरात राहून न दिसायला म्या काय आंधळी हाय?"

त्या दिवशी मुलींनी खिचडी खाल्ली. एक-दोघींनी नाक मुरडलं, बाकीच्यांनी ताक दोनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई मला घेऊन मेडिकलवर गेल्या, पाकीट काउंटरवर ठेवलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "चिठ्ठीबिगर हिला काही द्यायचं न्हाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदाराचंही तोंड उतरलं. पण त्यानं शब्द पाळला.

नांदेडच्या डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "चाळीस मुलींचं जेवण हवंच आहे का?" तो प्रश्न मला स्वतःला कधी पडलाच नव्हता. दिवाळीनंतर मी मेस वीस मुलींवर आणली.

जीव तसा कोंडल्यासारखा होणं थांबलं नाही. फरक एवढाच की आता मी ते आधी कोणाला तरी सांगते. सासूबाई गेल्यापासून नवऱ्याला सांगते. तो रिटायर होऊन घरी आलाय. सुरुवातीला मी बोलायच्या आत तो उपाय सांगायचा: फिरायला जा, गार पाणी पी, टीव्ही बंद कर. "उपाय नको, नुसतं ऐका," असं मी त्याला किती वेळा सांगितलं असेल! आता तो पेपर बाजूला ठेवतो, चष्मा काढतो आणि गप्प बसतो.