भाकरीत लपवलेल्या गोळ्या

आमच्या कॉलनीत घंटागाडी एक दिवस येते, दोन दिवस दडी मारते. कुत्र्यांच्या भीतीनं कचऱ्याची पिशवी आम्ही फाटकाला उंच अडकवतो, पण कावळ्यांपुढे काय चालणार? पिशवीला भोक पाडून ते अख्खं घर रस्त्यावर मांडतात. कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, सगळं. मग मी खराटा घेऊन बाहेर.

त्या सकाळी एक कावळा पायाखाली भाकरीचा तुकडा धरून टोचत होता. तुकडा फुटला आणि त्यातून गुलाबी गोळी घरंगळली. मी हाकललं तरी तो जेमतेम हातभर सरकला. खाली बसून मी बाकीचे तुकडे फोडले. प्रत्येकात एक गुलाबी, एक पांढरी. मी त्या मुठीत गोळा केल्या. रक्तदाबाच्या या गोळ्या रोज मीच मायच्या तळहातावर ठेवायचो. ‘नुसती गोळी घशात अडकती,’ म्हणून ती भाकरीच्या घासात घालून घ्यायची. निदान मला तसं वाटायचं. सांडलेला दाणाही वेचून घेणारी माझी माय भाकरी कचऱ्यात टाकत होती!

मी तशीच मूठ तिच्यापुढे उघडली. "माय, हे काय?"

ती म्हणाली, "गोळी घेतली की डोळ्याम्होरं अंधारी येती, बाबा. मागं न्हाणीत पडले व्हते."

"पडलीस? कधी?"

"तुमी दोघं कामावर गेला व्हता. लय न्हाई लागलं."

बायकोनं तिला आत नेऊन पाहिलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. कमरेपासून मांडीपर्यंत काळंनिळं होतं, म्हणाली.

"मला सांगायचं न्हाई का?" मी ओरडलोच.

"तू इतक्या मायेनं देतूस. नको कसं म्हणू?"

त्याच दिवशी रिक्षानं दवाखान्यात नेलं. मी तिची तक्रार सांगू लागलो, तर डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं उलटून पाहिली. "या दोन्ही गोळ्यांत औषध एकच आहे. फक्त कंपन्या वेगळ्या. दोन्ही एकदम द्यायला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. पांढरी गंगाखेडच्या डॉक्टरांची. तिथल्याच राणीसावरगावहून, आमच्या गावातून, मायला इकडं आणलं तेव्हा ती पाकिटं सोबत आली. गुलाबी इथं लिहून दिलेली. जुनी बंद करायची का, हे मी विचारलंच नव्हतं. दुप्पट औषध मी रोज, न चुकता, स्वतःच्या हातानं देत होतो. तिनं ते टाकलं नसतं तर?

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. मायनं पदर सावरला आणि पुढं सरकून म्हणाली, "त्याला काई बोलू नका, साहेब. मीच इसरले सांगायचं."

आता एकच गोळी आहे, तीही अर्धी. अंधारी येत नाही. पण गोळी देताना मी विचारतो, "बरं वाटतंय ना?" आणि ती "हां" म्हणाली, तरी माझा तिच्यावर लगेच विश्वास बसत नाही.