पारबता मावशीनं घेतलेलं नाव

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही ओळीवर राहत नाही, तेवढं समजून घ्यावं. पारबता मावशी जाऊन सव्वा महिना झाला. सकाळी चहा घेऊन तिच्या खाटेपाशी गेले, तर हात गार लागला. तेव्हा पहिला विचार हाच आला की, बरं झालं, दार उघडं होतं… रडू नंतर आलं.

आमचा वृद्धाश्रम पांढरकवड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून आहे. दिवसभर ट्रक जातात, खिडकीच्या काचा थरथरतात. बायकांचा हॉल पुढे आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे मागची खोली. ज्यांना आठवत नाही त्यांना तिथं ठेवतात, आणि कडी बाहेरून लावतात. पूर्वी एक म्हातारबा भान हरपून रस्त्यावर गेले आणि ट्रकखाली आले, तेव्हापासूनची ती कडी. आमच्या अधीक्षक बाई दुष्ट नाहीत. त्या रस्त्याला भितात आणि आम्ही त्या खोलीला. तिथं गेलं की लुगडं काढून गाऊन घालतात, केस बारीक कापतात. त्यामुळे चष्मा सापडत नाही हेसुद्धा आम्ही कोणाला सांगत नसू. कोणी एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागली, की शेजारची तिला चिमटा काढायची, "चूप वं, झालं सांगून."

मावशी मात्र कोणाला भीत नव्हती. गाव दिग्रसकडचं, मूलबाळ नाही, पुतण्यानं आणून सोडलेलं. तिची खाट माझ्या खाटेला लागून. मी फारशी बोलत नाही, ती दोघींचं बोलायची. नवऱ्याचं नाव गुलाबराव. ते तिनं जन्मात तोंडानं उच्चारलं नव्हतं, त्या नावाचा शब्दसुद्धा टाळायची. सणाला गुलाबजाम आले की म्हणायची, "ते पाकातलं दे वं एक." स्वयंपाकाची शांता तिला छळायची, "नाव घेतल्याबिगर भेटत नाही, मावशे."

"मंग तूच खाय अन् हो गोलमटोल," मावशी म्हणायची. दोघी हसायच्या.

पोळा झाल्यावर यवतमाळहून एका संस्थेच्या मॅडम आल्या. म्हातारी माणसं इथं मानानं राहतात का, सुखात आहेत का, हे पाहायला. पोरगी गुणाची, प्रत्येकीजवळ बसून विचारत होती. आधी आठवणीचे प्रश्न, मग आंघोळीला आडोसा आहे का, कोणी रागावतं का, असे. मावशीनं स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग मॅडमनी विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव?" मावशी खाली पाहून हसली. पुन्हा विचारलं. मावशीनं पदर तोंडाला लावला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं. मॅडमनी हळहळून काहीतरी लिहिलं आणि पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. मावशीला आंघोळीच्या आडोशाबद्दल पुष्कळ सांगायचं होतं, ते राहून गेलं.

दोन-चार दिवसांत तिला मागच्या खोलीत नेलं. जाताना ती शांतपणे गेली, तिला वाटलं डॉक्टर आले असतील. दुपारी दारावर थापा सुरू झाल्या. "सुमन, वं सुमन! मले काहून कोंडलं?" हाका माझ्याच नावानं. मी ताटावर बसले होते. हॉलमधल्या सगळ्या ऐकत होत्या, कोणी मान वर केली नाही. मी मध्ये बोलले आणि बाईंना वाटलं, ही पण बरळायला लागली, तर? मला भावाच्या घरी जागा नाही. माझी खाट गेली तर मला दुसरी कुठली? पुढे थापा कमी झाल्या. मग एकदम बंद झाल्या, आणि मला जास्त भीती वाटली.

दिवाळीआधी त्या मॅडम पुन्हा आल्या. मी संडासाला जायचं निमित्त करून त्यांच्यामागं गेले. म्हटलं, "मॅडम, तिले सारं आठवते. ती नवऱ्याचं नाव घेत नाही. आमच्याकडं जुन्या बाया घेत नाहीत. उखान्यात इचारा."

मॅडम थबकल्या. त्यांच्यासोबतच्या अधीक्षक बाई माझ्याकडे पाहत होत्या. मग बाईंनी स्वतःच मागच्या खोलीची कडी काढली.

मावशी खाटेवर बसलेली, अंगात गाऊन, डोक्यावर खुरटे केस. मला पाहून तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मी म्हटलं, "मावशे, नाव घे वं. उखान्यात."

"पदर कुठं हाय माह्या डोक्यावर? अशी नाव घेऊ?"

मी जवळ बसले आणि माझाच पदर तिच्या डोक्यावरून घेतला. एका पदराखाली आम्ही दोघी, तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. मला वाटलं, खरंच विसरली की काय… मग बारीक आवाज आला,

"दिगरसच्या बाजारात इकली तुरीची गाडी,
गुलाबरावाचं नाव घेते, काढा दाराची कडी."

शांता दारात उभी होती, ती हसायला लागली आणि हसताहसता डोळे पुसायला लागली. मॅडमचं तोंड पडलं होतं. मावशी म्हणाली, "आता इचारा ना आंघोयीचं!"

त्याच दिवशी ती हॉलमध्ये परत आली. केस वाढले, लुगडं आलं. पण कुठं दार आपटलं की दचकायची, आणि झोपताना हॉलचं दार उघडंच ठेवायला लावायची. थंडी आत यायची, कोणी कुरकुर केली नाही. तशीच एका पहाटे ती गेली.

गेल्या आठवड्यात मॅडम आल्या, आणि पहिल्यांदा माझ्याकडंच बसल्या. त्यांनी आठवणीचं काही विचारलं नाही. "आजी, इथं तुम्हाला कशाची भीती वाटते?" एवढंच विचारलं. अधीक्षक बाई पलीकडं उभ्या होत्या. मी म्हटलं, "मागच्या खोलीच्या कडीची." मॅडमनी लिहून घेतलं. आणि मग मी आत अजून ज्या तिघी आहेत, त्यांची नावं एकेक करून सांगितली.