राळ तापवायची नसते

वहिनीने खिडकी उघडली तेव्हा नाक्यावर गोळीबार चालू होता.

कर्फ्यूत खिडकीत दिसेल त्याला गोळी, असं चाळीत सगळे म्हणायचे. अश्रुधूर आत येऊ नये म्हणून आम्ही फटींत ओली फडकी कोंबली होती.

ती तिने ओढून काढली.

ती वहिनी आज, म्हातारपणी, गेली.

ही गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांतली. गिरगावात पहिल्या मजल्यावर आमची खोली. वहिनी मालवणची, आणि तिला मासे पाळायची हौस. आई म्हणायची, लोकांचे मासे ताटात असतात, आमच्या सूनबाईंचे कपाटावर पोहतात.

त्या दिवशी माशांच्या काचेच्या टँकच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं. मासे बादलीत काढले.

फट भरायला दादाने वर्कशॉपमधून इपॉक्सी रेझिन आणलं होतं. दोन डबे, एक रेझिनचा, एक हार्डनरचा. एकत्र कालवले की घट्ट होतं. तेव्हा आमच्याकडे ते कुणी पाहिलंही नव्हतं. मोकळ्या हवेत, थोडंथोडं कालव, आणि पुरतं कडक झाल्याशिवाय पाणी भरू नकोस, असं वर्कशॉपमध्ये त्याला बजावलं होतं.

गॅलरीत जाणं शक्य नव्हतं. त्याने आतच वाटीभर कालवलं आणि टँक पुसायला वळला.

आईने विचारलं, हे काय. तो म्हणाला, राळ.

आईचं माहेर अलिबागकडचं. तिथे होड्यांना राळ तापवूनच लावतात. तिने वाटी शेगडीवर ठेवली.

वाटी उकळली. पांढरा धूर. डोळे, घसा, सगळं पेटलं.

मला दमा. श्वास आत जाईना. हाकही मारता येईना. दादाने वाटी मोरीत नेली, तरी धूर थांबेना.

"वन्सं, तोंड भायर काढा."

वहिनीने मला खिडकीत धरलं. दुसरा हात माझ्या डोक्यावर आडवा.

खालच्या शिपायाने बंदूक वर केली. आत व्हा म्हणाला.

वहिनी हलली नाही. घाबरली की ती मालवणीत बोलायची.

"आत धूर, भायर तुमी. खंय जांव?"

त्याने बंदूक खाली केली नाही. झाडलीही नाही.

त्या नळीकडे बघत मी श्वास घेत राहिले.

अजून कुठे हार्डनरचा वास आला की मी आधी खिडकी शोधते.

वहिनी, नीट जा.

त्या धुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कर्फ्यू थोडा वेळ उठला होता. दादाने गॅलरीत नव्याने राळ कालवली, फट भरली, टँक कोरडाच ठेवला. बादलीतले मासे जिवंत होते. वहिनी मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. खाली शिपाई बदलला होता.